कानसेनाने पसंत केलेली गाडी

गॅरेजमधले लोक त्याला कानसेन म्हणत. बॉनेट न उघडता, नुसतं इंजिन ऐकून तो गाडीचं दुखणं सांगायचा. "इंजिनाची कुरकुर बरी ऐकू येते," बायको म्हणायची, "माझी तेवढी येत नाही." निवृत्तीनंतरही नात्यात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं, की पहिला फोन त्यालाच. एवढा मान त्याला दुसऱ्या कशाने मिळाला नव्हता.

धाकटी बहीण घरोघर जाऊन रुग्णांची मलमपट्टी करायची. तिने जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा दादा बरोबर असणार हे ठरलेलंच होतं.

मालकाने गाडी सुरू केली. कानसेनाने सवयीने डोळे मिटले. काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले, तर मालक, बहीण, तिच्याबरोबर आलेली भाची, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. घाईघाईने त्याने टायर दाबले, दारं उघडून लावून पाहिली, वाकून गंज शोधला.

"मामा, बॅटरी कितपत थकलीय ते तपासून घेऊ या?" भाची म्हणाली. "सर्व्हिस सेंटरवाले मशीन लावून सांगतात. वॉरंटी उरलीय का, तेही विचारू."

"समोर चार्जिंग शंभर टक्के दाखवतंय की. मशीनच लावायचं होतं तर मला काय शोभेला आणलंत?"

शंभर टक्के म्हणजे जणू पेट्रोलची टाकी भरलेली. पण बॅटरी जुनी होऊन ती टाकीच आटून केवढीशी उरली असेल, ते त्या आकड्यातून कळत नाही. अशी शंका त्यालाही चाटून गेली होती. त्याने ती गिळली.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत गाडी वाटेतच बसू लागली. बहीण पेटी उचलून पायी रुग्णाकडे जायची. वारंवार उशीर होतो म्हणून दोन घरांनी दुसरी नर्स लावली. हे त्याला भाचीकडून कळलं. बहीण फोनवर म्हणायची, "गाडी ना? मस्त चाललीय." तो तिच्याकडे जाणं टाळू लागला. कुणी गाडी बघायला बोलावलं, तर पाठ धरलीय म्हणून सांगायचा.

शेवटी भाचीने गाडी तपासायला नेली. "ढकलायला तरी चला, मामा," ती म्हणाली. तो मुकाट्याने निघाला.

सर्व्हिस सेंटरच्या बाकावर तो बहिणीशेजारी अवघडून बसला.

"त्या दिवशी मला काही कळलं नव्हतं गं."

"माहितीये. चेहरा पडला होता तुझा."

"मग घेतलीस कशाला?"

"मालकापुढे, पोरीपुढे तुला तोंडघशी पाडायचं होतं का?"

त्याला वर बघवेना.

तपासणी करणारी मुलगी बाहेर आली. "बॅटरीची ताकद निम्म्यावर आलीय, वॉरंटीही संपलेली. घेताना कुणी जाणकार नव्हतं का बरोबर?"

"कुणी नव्हतं," बहीण चटकन म्हणाली. "मीच रंगाला भुलले."

भाची तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागली. तपासणीवाली मुलगी आत जायला निघालीच होती.

"मी होतो," तो पुटपुटला.

"काय म्हणालात, काका?"

मग त्याला तेच पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं लागलं.