अक्काची लॉरी

त्या हिवाळ्यात आमच्या भागात गुरांना लाळ्या-खुरकताची साथ आली. बैल दावणीला उभ्या उभ्या लाळ गाळायचे, खूर जमिनीला टेकला की झटक्यानं वर घ्यायचे. गाडीला जुंपणं तर सोडाच, त्यांना पाण्यावर नेणंही जिवावर यायचं. आणि नेमका त्याच वेळी वेचणीचा कापूस घरात येऊन पडलेला. ओसरीवर कापूस, माजघरात कापूस, देव्हाऱ्यासमोर जेमतेम एक पाट मांडण्यापुरती जागा. आम्ही बायका जेवायला बसायचो त्या कापसाच्या ढिगाला पाठ टेकून. तो नरडाण्याला सरकी काढायच्या कारखान्यात, म्हणजे जिनापर्यंत, न्यायचा कसा, यावर माझे सासरे, म्हणजे आबा, रोज सकाळी शेजाऱ्यांशी बोलत आणि रोज ते बोलणं एकाच जागी येऊन थांबे. बैल सगळ्यांचेच आजारी होते.

मी तेव्हा लग्न होऊन नवीनच शिंदखेड्याजवळच्या त्या गावात आले होते. माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. इकडची बोली मला अर्धी कळायची, अर्धी अंदाजानं घ्यावी लागायची. सासरी मला सगळ्यांत आधी जवळची वाटली ती माझी थोरली नणंद. तिला सारा गाव अक्का म्हणायचा. तिचे यजमान लॉरी चालवायचे. लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या काढून टाकल्या, त्यांतली एक त्यांनी घेतली होती. धुळे, साक्री, पिंपळनेर असा माल वाहायचे. घरात मूलबाळ नव्हतं, म्हणून अक्का त्यांच्या शेजारी बसून सगळीकडे फिरलेली. मग ते विषमज्वरानं गेले. आबांनी लेकीला माहेरी आणलं आणि तिच्या मागोमाग बैलजोड्या लावून लॉरीही ओढत आणली. घरामागच्या कडुनिंबाखाली ती उभी केली ती उभीच राहिली. चाकांतली हवा गेली, हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. दर दसऱ्याला अक्का तिला धुऊन झेंडूची माळ घालायची, बाकी कोणी तिच्याकडे बघत नसे.

एका दुपारी आबा जेवत असताना अक्का वाढता वाढता म्हणाली, "आबा, आपली गाडी शे ना."

आबांना आधी बैलगाडीच वाटली. मग त्यांच्या ध्यानात आलं. ते म्हणाले की ती कधीच मेली, आता तिचं नाव कशाला काढायचं.

"मरेल नही शे ती," अक्का म्हणाली. "उभी शे."

आबा हात धुऊन उठून गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या ह्यांना धुळ्याला पाठवलं, आणि हे एका वयस्क मिस्त्रींना घेऊन आले. लढाईच्या काळात त्यांनी ब्रह्मदेशाच्या बाजूला लष्करी गाड्या दुरुस्त केल्या होत्या. बारीक अंगाचे, पांढऱ्या दाढीचे, बोलणं मराठी पण मधूनमधून हिंदीत घसरणारं. आल्याबरोबर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि लॉरीभोवती सावकाश एक फेरी मारली, जसं नवीन बैल बघताना करतात तसं. मग म्हणाले, "आधी इंजिन फिरतं का ते बघू. आत जाम झालं असेल तर मी तुमचा चहा पिऊन परत जाईन."

पुढच्या बाजूनं लोखंडी हँडल घातलं. आमचे हे अंगानं दणकट. त्यांनी सगळा भार टाकला, पण हँडल तसूभर हललं नाही. मला वाटलं, संपलं. मिस्त्रींनी मात्र चहा मागितला नाही. त्यांनी वरचे प्लग काढले, प्रत्येक भोकात तेल आणि रॉकेल मिसळून ओतलं आणि म्हणाले की आता हिला कोणी हात लावायचा नाही, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पुन्हा हँडल घातलं. आधी आतून एक करकर आली, जुन्या दाराच्या बिजागरीसारखी. मग हँडल थोडं खाली गेलं. मग आणखी थोडं. आणि मग एक अख्खा फेरा पूर्ण झाला. मी आणि अक्का मागच्या दारात उभ्या होतो. अक्कानं माझं मनगट पकडलं, ते पुढचा फेरा होईपर्यंत सोडलं नाही.

त्यानंतरचे दिवस त्या लॉरीचं पोट उघडण्यात गेले. हवा आत जाते त्या नळीत उंदरांनी घर केलं होतं, आणि ते घर आमच्याच कापसाचं होतं. टाकीतलं पेट्रोल काकवीसारखं चिकट झालेलं, त्याचा वास परसभर पसरला. मिस्त्रींनी टाकी धुतली, नळ्या तोंडानं फुंकून मोकळ्या केल्या. कार्ब्युरेटर उघडून त्याचे सगळे भाग माझ्याकडून मागून घेतलेल्या परातीत रॉकेल घालून बुडवले. सासूबाई त्या परातीकडे बघत राहिल्या. त्यातला एक पितळेचा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा, मिस्त्रींनी उन्हाकडे धरला आणि मला बोलावून दाखवला. त्याला आरपार भोक होतं, केसाएवढं. त्यातून सूर्य एका टिंबासारखा दिसत होता.

"सगळी लॉरी पेट्रोल पिते ती एवढ्याशा भोकातून," मिस्त्री म्हणाले.

मी त्या टिंबाकडे बघत राहिले. कापसाचं ओझं वाहणार ती एवढी मोठी गाडी, तिची माझ्या कमरेएवढी चाकं, आणि तिचा सगळा घास जाणार तो ह्या सुईच्या नेढ्याहून लहान वाटेनं. मला त्या दिवशी स्वयंपाकात लक्षच लागलं नाही.

बॅटरी धुळ्याहून भरून आणली. मिस्त्रींनी प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या आतल्या टोकांवरचा गंज बारीक कानशीनं घासून काढला. मग एक प्लग तारेला जोडून इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवला आणि आम्हां दोघींना पदर पसरून त्याच्यावर सावली धरायला सांगितली, कारण उन्हात ती ठिणगी दिसत नाही. आबाही जवळ आले. ह्यांनी हँडल फिरवलं आणि पदराखालच्या अंधुक उजेडात टिक्‌ करून एक निळी रेघ उडाली. पुन्हा टिक्‌. पुन्हा निळी रेघ. चुलीतली ठिणगी मी जन्मभर पाहत आलेली, ती तांबूस असते आणि तिला धूर असतो. हिला धूर नव्हता, राख नव्हती. ती कुठून आली आणि कुठे गेली हे कळायच्या आत नाहीशी व्हायची. आबांनी डोक्यावरची टोपी नीट केली. ते देवळात शिरताना करायचे तशी.

हवा होती, पेट्रोल होतं, ठिणगी होती. तरी इंजिन सुरू होईना. सगळं परत जोडल्यावर आमचे हे हँडल मारून मारून घामानं निथळले. इंजिन एकदा खोकलं, एकदा कार्ब्युरेटरच्या तोंडातून भपकन जाळ बाहेर आला आणि पुन्हा सगळं शांत. मिस्त्री हनुवटीला हात लावून बसले. परसात बघायला जमलेली माणसं हळूहळू पांगायला लागली.

तेव्हा अक्का पुढे आली. तिनं सांगितलं की त्या गाडीची चोकची तार फार पूर्वीच तुटली होती. तिचे यजमान हँडल मारायचे तेव्हा कार्ब्युरेटरचं तोंड झाकायला ती स्वतः हात धरायची. थंडीत रोज सकाळी, कितीतरी वर्षं. मिस्त्री लगेच बाजूला झाले आणि म्हणाले, "मग धरा, अक्का. तुमच्या हाताला काय कळतं ते सांगा."

जमलेल्या माणसांत जराशी कुजबूज झाली. अक्कानं पदर खोचला, बॉनेटच्या कडेला ओणवी झाली आणि त्या उघड्या तोंडावर उजवा तळहात ठेवला. ह्यांनी हँडल फिरवलं. ती डोळे मिटून उभी होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. माहेरी आजारी माणसाची नाडी बघणारे वैद्य असे बसायचे.

"हात वढस," ती म्हणाली, "नि मंग परत ढकलस. पहिले ढकले नही."

पूर्वी इंजिन हात नुसता ओढायचं, परत ढकलायचं नाही, असं ती म्हणत होती. मिस्त्रींनी तिच्या जागी आपला हात ठेवला, पुन्हा हँडल मारायला लावलं आणि मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा चमक बघितली. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा एक झडप उघडते आणि मग मिटते, त्यांनी आम्हांला समजावलं. एक झडप मिटतच नसणार. इतकी वर्षं उभी राहून गंजानं उघडीच अडकली असणार, म्हणून आत घेतलेली हवा तशीच परत बाहेर येते आहे. त्यांना तशी शंका होती, पण नुसत्या शंकेवर इंजिनाचं डोकं उघडायची हिंमत होत नव्हती. आता होत होती.

सगळे बोल्ट सोडून त्यांनी वरचं जड झाकण उचललं आणि इंजिन आतून उघडं पडलं. असं काही आत असेल हे मला कधी सुचलंही नव्हतं. गोल विहिरींसारखी एका रांगेत भोकं, प्रत्येकात खालीवर होणारा एक काळा दट्ट्या, आणि प्रत्येक विहिरीशेजारी लहान लहान झाकणं, वाटीच्या बुडाएवढी. त्यांतलं एक वर उचललेलंच राहिलं होतं. मिस्त्रींनी त्याच्या दांड्याशी रॉकेल सोडलं आणि लाकडाचं काहीतरी मागितलं, लोखंडानं मारलं तर झाकणाला इजा होईल म्हणाले. मी आत जाऊन लाटणं आणलं. त्यांनी ते उभं धरून हलक्या हातानं ठोकलं, थांबले, पुन्हा रॉकेल सोडलं, पुन्हा ठोकलं. बराच वेळ काही होईना. मग ते झाकण एकदम खाली बसलं.

"आता फिरवा," ते म्हणाले.

ह्यांनी हँडल सावकाश फिरवलं. एक झाकण उठलं, बसलं. दुसरं उठलं, बसलं. दट्टे खालीवर होऊ लागले, एक वर तर एक खाली, कोणाचा कोणाला धक्का नाही. आमच्याकडे एकाच उखळात तिघीतिघी मिळून मुसळं घालतात, आणि एकीचं मुसळ दुसरीच्या मुसळाला कधी लागत नाही, तसं. आम्हांला ते साधायला गाणं म्हणावं लागतं. इथं गाणं म्हणणारं कोणी नव्हतं. हे ज्या कोणी पहिल्यांदा मनात आणलं असेल त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी असं काही वाटलं की ते मी कोणाला सांगू शकले नसते.

डोकं परत बसवलं. मिस्त्री इंजिनाच्या कुशीत एका हातानं काहीतरी धरून उभे राहिले, अक्कानं तळहात ठेवला, ह्यांनी हँडल घेतलं. आता आत बसून पायानं पेट्रोल द्यायला कोणी तरी हवं होतं. बाकीचे गडी गुरांच्या मागे होते, बघायला आलेल्यांत म्हातारी माणसं नि पोरंच होती. आबांनी इकडेतिकडे बघितलं. ते माझ्याशी सहसा थेट बोलत नसत, पण त्या वेळी म्हणाले, "सूनबाई, तू बस."

मी पदर सावरत वर चढले. मिस्त्रींनी पाय कुठे ठेवायचा, किती दाबायचा ते सांगितलं. समोरच्या काचेवर धुळीचा जाड थर होता, मला कोणीच दिसत नव्हतं. हँडलची एक ओढ ऐकू आली. मग दुसरी. तिसऱ्या ओढीला पायाखालच्या पत्र्यात काहीतरी हललं आणि मग एकदम सगळं हललं. सीट, दार, काच, माझे दात. काचेवरची धूळ आपोआप खाली ओघळली आणि समोर माणसं दिसू लागली. आवाज आधी तुटक होता, मग सलग झाला. हौद्यातल्या कोंबड्या पंख फडफडवत बाहेर पडल्या. माझ्या पायाखाली जी थरथर होती ती मी दाबलं की वाढत होती, सोडलं की कमी होत होती. एवढं बळ, आणि ते माझ्या अंगठ्याचं ऐकत होतं. मला भीती वाटायला हवी होती, पण हसूच येत होतं.

 बाहेर सगळे जवळ सरकले होते. अक्कानं हात काढून घेतला होता आणि ती बॉनेटला कान देऊन ऐकत होती. थोड्या वेळानं तिनं मिस्त्रींना गाडी बंद करायला सांगितलं. आबा म्हणाले, इतक्या कष्टानं चालू झालेली बंद कशाला करायची. अक्का म्हणाली की पहिल्यांदा सुरू झालेल्यावर तिचे यजमान कधी विसंबत नसत. मिस्त्री हसले, गाडी बंद केली. पुन्हा हँडल मारलं. पहिल्याच ओढीला ती सुरू झाली, आणि तेव्हा कुठे अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते तेलकट हातानंच पुसलं, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला. कोणी तिला तो पुसायला सांगितलं नाही.

चाकांचं काम आटोपल्यावर आमचा कापूस जिनात गेला, मग शेजाऱ्यांचा गेला. सुरुवातीला मिस्त्री चालवायचे, मग त्यांनी आमच्या ह्यांना शिकवलं. अक्का तिच्या नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला बसायची. परत आली की वाटेत काय झालं ते आम्हां बायकांना सांगायची. नाल्याच्या चढाला गाडी तापली, पाणी घातलं, जिनाच्या दारात लोक जमले, एकानं विचारलं की ही गाडी कोणाची. तिनं काय उत्तर दिलं ते मी विचारलं. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "मन्ही."

बैल बरे होईस्तोवर वेचणीचा हंगामही सरत आला होता. तरी लॉरी नंतर बरीच वर्षं आमच्या दारात चालती राहिली. अक्का हातात वंगणाचा डबा घेऊन तिच्याभोवती फिरायची, आणि सासूबाईंनी ती परात शेवटी तिलाच देऊन टाकली.

त्या पहिल्या हंगामातल्याच एका खेपेला अक्कानं मला बरोबर घेतलं. आबांना तिनंच विचारलं. मी तिच्या आणि ह्यांच्या मध्ये बसले. गाव सुटलं आणि काटेरी कुंपणांच्या वरून पलीकडची शेतं दिसू लागली. मी त्या गावात कितीतरी दिवस राहत होते, पण कुंपणांपलीकडे एवढी शेतं आहेत, एवढी लांबवर, थेट आभाळाला टेकलेली, हे मला ठाऊक नव्हतं. बैलगाडीतून ती कधी दिसलीच नव्हती. अक्का बोटानं दाखवत होती, तो कोणाचा मळा, ती कोणाची विहीर. आवाजात तिचे शब्द ऐकू येत नव्हते. मी मान डोलवत राहिले आणि बघत राहिले.