टाकीतली पानं

दिघीच्या धक्क्यावर डिझेलचा वास आला, की मला आमची मासळीची जुनी गाडी आठवते. खिंडीच्या चढावर ती अचानक बंद पडायची आणि घटकाभर थांबलं, की आपोआप सुरू व्हायची. तोवर बर्फ वितळून पापलेटं मऊ पडत. एकदा बाबा सोबत गेले, तर त्या दिवशी ती कुठेच अडली नाही. तिथे त्यांचा संशय पक्का झाला. ड्रायव्हर सखाराम मुद्दाम थांबतो आणि वाटेत मासळी विकतो! मलाही त्याचं हसणं लबाड वाटू लागलं.

शेवटी सखाराम चिडला. "शेट, टाकी तुमच्यासमोर खोलतो. काय न्हाय निघालं, तर उद्यापासून येत न्हाय."

अंगणात टाकी उपसली, तर डिझेलमधून विड्याची पानं निघाली, काळी आणि बुळबुळीत. एक नळीच्या तोंडापाशीच होतं. इंजिन ओढायला लागलं, की ते तिथे चिकटायचं आणि बंद पडलं, की सुटायचं.

"बघा, कुणीतरी मुद्दाम घातलीत!" बाबा सखारामकडे बघत गरजले.

"मीच घातली," आई दारातून म्हणाली. "होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, देवीचं पान ठेवतो ना आपण? गाडीवर ते उडून जाईल, म्हणून आत टाकलं. गाडी बंद पडली, की आणखी एक टाकायची."

दुसऱ्या दिवशी बाबांनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि एकुलती एक चावी सखारामच्या हातात दिली. तेव्हा मला वाटलं, आता ते आईवर संशय घेतायत.

ती माफी होती, हे आज कळतं.