डोकं नसलेल्या माश्या

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. मुरबाडच्या आमच्या कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. हजर: मी, माझी नवी सहकारी आणि प्रयोगशाळा सांभाळणारे मामा.

सहकारी आटगावची. पीएचडीसाठी तिने तानसाच्या जंगलात एक माशी पकडली होती. पाठीला कुबड, पोट फुगलेलं, डोकं मोहरीपेक्षा लहान. या माश्यांच्या अळ्या कोळ्याच्या अंगात वाढतात, त्याला आतून खातात. पंखांच्या शिरा पाहून तिने शोध दोन प्रजातींवर आणला होता. त्यातली कोणती, हे स्पृशा, म्हणजे माशीच्या मिशा, डोक्याच्या वर आहेत की खाली तोंडाजवळ, यावर ठरायचं. आणि तिच्या माशीचं डोकं प्रवासात सुटून हरवलं होतं.

"मॅडम, आपल्या संग्रहात अशी एखादी नसेल?"

मी नोंदवही काढली. तिच्यात धसईला पकडलेल्या अशाच दोन माश्यांपुढे माझ्याच अक्षरात शेरा होता: डोकं तुटलेलं, बाद. तेव्हा मी भिंगसुद्धा लावलं नव्हतं. बाद झालेलं पावसाळ्याआधी टाकायचं, हा नियमही माझाच.

"मामा, बादची पेटी टाकलीत का हो?"

मामा खाली बघत राहिले.

"टाकायची ऱ्हायली, मॅडम. आता ओरडू नका."

पेटी आली. डांबरगोळ्या विरून गेलेल्या, दोन्ही माश्यांवर बुरशी. पंख मात्र तिच्या माशीसारखेच, म्हणजे प्रजातीही बहुधा तीच. मामांनी भिंगातून पाहिलं.

"मुंडकं हाय की! तुमी उगाच नापास केलंत बिचाऱ्यांना."

सहकारी हसली, पण हात तिने मागेच ठेवले. "तुम्हीच करा मॅडम. माझ्या हातून एक गेलीय."

पहिली माशी मी मायक्रोस्कोपखाली घेतली. स्पिरिटचा ब्रश बुरशीला जेमतेम टेकवला. बुरशी सुटली, तिच्याबरोबर डोकंही सुटलं आणि थेंबात तरंगायला लागलं. चिमट्याने उचलायला गेले. चिमटा जरा जास्त दाबला गेला. काचेवर एक काळा डाग उरला.

मामांनी पंखा बंद केला.

"एक आहे अजून," सहकारी हळूच म्हणाली.

आज मंगळवार. दुसरी माशी झाकणाखाली माझ्या टेबलावर आहे. तिची बुरशी काढायची आहे, तिला उलटी करून स्पृशा बघायच्या आहेत. सकाळपासून दोनदा ब्रश हातात घेतला आणि खाली ठेवला.