पोर्चमधली समाधी

सकाळी फाटकाशी एक म्हातारे गोसावी आले आणि आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी चपला काढल्या. आमच्या शेतातल्या या बंगल्यात पाहुणे चिखलाच्या बुटांनी थेट दिवाणखान्यापर्यंत येतात. आजोबांनी इथला मठ पाडून हा बंगला बांधला. महंतांनी जागा खुशीने दिली, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. मग त्यांचे शिष्य गाव सोडून का गेले, हे घरात कुणी विचारत नाही. मीही नाही.

"गुरूंची समाधी इथंच होती," ते पोर्चमधल्या गाडीकडे बघत म्हणाले. "एक फूल ठेवू का, मालक?"

माझं डोकंच फिरलं. ज्यांचं घेतलं त्यांनीच परवानगी मागावी, इतकी चोख व्यवस्था आपण लावून ठेवलेली असते. मी गाडी बाहेर काढली. त्यांनी फरशीवरचं तेल उपरण्याने पुसलं, फूल ठेवलं आणि ते गेले.

"आज फूल, उद्या जमीन मागतील," धाकटा भाऊ म्हणाला.

"लाज वाटू दे जरा," मी त्याच्यावर ओरडलो. बराच वेळ ओरडत राहिलो.

मग ऊन चढलं. गाडी तापायला लागली, आणि भावाच्या देखत मी ती पुन्हा सावलीत आणून त्या फुलावर उभी केली.