लालासाबनं भरलेली बाटली

लालासाब मंगळवार पेठेतला भिस्ती. खांद्यावर पाण्याची मशक आणि तिच्या तोंडाला मलमलीचं फडकं, बायकोच्या, रोशनबीच्या, जुन्या ओढणीचं. गाळल्याशिवाय कुणाच्या माठात पाणी ओतायचं नाही, हा त्याच्या बापापासूनचा नेम.

पटकीची आवई उठली त्या साली कचेरीनं पेठेतल्या तळ्याचं पाणी तपासायला मुंबईला धाडायचं ठरवलं. बाटली कुठं, कशी भरायची, याच्या चार पानं सूचना डॉक्टरसाहेबांनी दिल्या. कारकून गणपतरावांनी लालासाबला त्यांचा सारांश दोन शब्दांत सांगितला, "नीट भर."

त्यानं नीट भरली. धुण्याचा घाट आणि म्हशींचा उतार टाळून पोहत पलीकडं झऱ्याच्या तोंडाशी गेला, पाणी तीनदा गाळलं.

घाटावरचा ज्ञानू परीट म्हणाला, "लोक भरत्यात हितं, आन् तू तिकडं कशाला कडमडलास?"

"सायबाला म्हशीचं पाणी धाडू व्हय? गावाची अब्रू हाय की."

ज्ञानूला पटलं. पटण्यासारखंच होतं.

रोशनबीला मात्र तळ्याच्या पाण्याचा वास यायचा. दुखऱ्या गुडघ्यांनी ती पिण्यापुरतं पाणी लांबच्या आडावरून आणायची. पंधरवड्यानं अहवाल आला : पाणी उत्तम. लालासाब घरी येऊन म्हणाला, "मुंबईला जास्ती कळतंय का तुझ्या नाकाला? उद्यापासनं आडावर जायचं न्हाय."

"तुमी म्हणताय तर न्हाय जात."

आठव्या दिवशी ती दगावली. पटकीला एक रात्र पुरते. त्या आठवड्यात पेठेतली एकोणीस माणसं गेली. तळं कागदावर उत्तमच होतं.

कचेरीनं पुन्हा बाटली मागवली. लालासाब या वेळी घाटाच्या पायरीवर बसला. शेजारी ज्ञानू मेलेल्यांची अंथरुणं धूत होता.

"आज हितंच?"

"हितंच. ती हितलंच प्याली."

नवा अहवाल वाचून गणपतराव म्हणाले, "पाणी वाईट निघालं रे."

"ते पैल्यापासनं वाईटच हाय. पैली बाटली मी चुकीची भरली, रावसाब."

गणपतरावांनी हे लिहून घेतलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

पुढं मरेपर्यंत दर महिन्याची बाटली लालासाबच भरायचा, त्याच पायरीवरून. लोकांच्या माठात पाणी अजून गाळूनच पडे. बाटली भरायची वेळ आली, की ते फडकं सोडून तो कमरेला खोचायचा आणि हात धोतराला पुसून मगच वाकायचा.