अंजिराच्या बांधाची मोजणी

भूमापन खात्यातून निवृत्त झालो आणि आता कुणाचा बांध बघायचा नाही, अशी शपथ घेऊन मुलाकडे शारजाला गेलो. गोष्ट नव्वदच्या दशकातली. विमानतळाबाहेर वाळू, काचेच्या इमारती, पुन्हा वाळू. भांडायला बांधच नाही, हे पाहून फार बरं वाटलं.

ते सुख पहिल्या चहापर्यंत टिकलं. खालच्या मजल्यावरचे अबू खलील (म्हणजे खलीलचे वडील) पॅलेस्टाईनचे. इथे किराणा दुकान चालवता चालवता हिंदी शिकलेले. मी मोजणीदार, हे मुलाने त्यांना कौतुकाने सांगितलं आणि माझा घात केला. त्यांच्या नातवाचं लग्न त्यांच्याच गावच्या, आता शारजातच राहणाऱ्या अबू युसुफच्या नातीशी ठरत होतं. अडलं होतं एका अंजिरावर. गावी दोघांच्या शेतांमध्ये ते झाड होतं, आणि ते कुणाचं हे ठरल्याशिवाय दोन्ही म्हातारे होकार देईनात.

झाड अजून आहे का, मी विचारलं. नव्हतं. शेत? तेही नव्हतं. सदुसष्ट साली इस्रायली सैन्याने गाव ताब्यात घेतलं, माणसं हाकलली, घरं पाडली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं ओठांवर आलं होतं. पण समोर गहवा (वेलदोड्याची कडू कॉफी) होता, त्याबरोबर गिळलं.

सकाळी गच्चीवर मोजणी लावली. लगतदार, म्हणजे बांधाला लागून शेत असलेले, हजर हवेत, हा आमचा नियम. दोघे इस्त्रीचे कोट घालून आले. पाण्याची टाकी ही विहीर ठरली. सुनेची कपड्यांची दोरी मी मोजणीची साखळी म्हणून ताणली, तर दोघांनी दोन टोकांना ओढून ती तोडलीच. मी वैतागलो. म्हटलं, गावातल्या आपापल्या दारातून झाडापर्यंत चालून दाखवा.

दोघांनी डोळे मिटले. अबू खलील मोकळ्या जागेत वळसा घालून गेले. तिथे म्हणे गोठा होता. अबू युसुफनी नसलेला कुंपणाचा दगड ओलांडला. मधोमध दोघांची टक्कर झाली. कुणीच हललं नाही. अबू युसुफनी हात वर करून हवेत फांदी चाचपली.

"झाड बांधावर," मी म्हणालो. "फल दोनों का. खलास."

लग्न ठरलं. मी भारतात परत निघालो तेव्हा दोघे बाजारातून सुक्या अंजिरांचा डबा घेऊन आले. अबू खलील म्हणाले, "तुमने नापा है, साब. कल कोई बोले, गांव था ही नहीं, तो तुम बोलना."

घरी बायकोने विचारलं, कुठली हो ही अंजिरं? मी त्यांच्या गावाचं नाव सांगितलं. नोकरीत मी कधी खोटा शेरा मारला नाही. हाही खोटा नाही.