चौदा सतराची नोंद

ऐंशीच्या दशकात माझं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका बर्फाळ चौकीवर होतं. मी सिग्नल्सचा माणूस, हुद्दा नायक. काम एकच, वायरलेसच्या कंट्रोल सेटवर बसायचं. आमच्यापुढे दीड तासाच्या चढावर एक ओपी होती, म्हणजे समोरच्यांवर नजर ठेवायची जागा. दगडाच्या भिंती, वर लाकडी तुळई आणि पत्रा. तिथं दोन जवान आठवडाभर राहायचे. समोरची चौकी इतकी जवळ की खोकला आला तर तोंडात मफलर कोंबायचा.

म्हणून ओपीवरून बोलणं बंद होतं. दर अर्ध्या तासाला मी विचारायचं, "टँगो वन, ठीक हो तो दो बार दबाओ. ओव्हर." तिकडच्या माणसानं हँडसेटचं बटण दोनदा दाबायचं. त्या बटणाला आम्ही प्रेसल म्हणतो. माझ्या कानात दोन वेळा खट् व्हायचं. मी लॉगबुकात वेळ लिहून पुढे बरोबरची खूण करायचो. मधल्या वेळेत सेट वापरायचा नाही. अडचण आलीच तर तोंडानं बोलायला परवानगी होती, त्यामुळे अडचणीत किती वेळा दाबायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं.

नायक रघुनाथ गावित सुरगाण्याकडचा. आम्ही एकाच वर्षी भरती झालो होतो. मी धुळ्याकडचा, माझ्या अहिराणीची तो नक्कल करायचा, आणि वाईट करायचा. त्या आठवड्यात तो ओपीवर होता. जोडीदाराला ताप भरला म्हणून खाली आणला होता. बदलीचा जवान बर्फ थांबल्यावर जाणार होता. म्हणजे त्या दिवशी गावित एकटा होता.

सकाळपासून बर्फ पडत होता. चौदाशे वाजता मी विचारलं. दोनदा खट् आलं. मी लिहिलं.

चौदा वाजून सतरा मिनिटांनी परत आलं. दोनदा. थोडं थांबून आणखी दोनदा. मी घड्याळ पाहिलं. माझी वेळ साडेचौदाची, म्हणजे अडीचची. वादळात सेट असाही खरखरतो. शिवाय अडचण असती तर तो बोलला असता. मी लॉगबुकात काही लिहिलं नाही आणि चहा प्यायलो. मधे एकदा परत आल्यासारखं वाटलं. मग थांबलं.

अडीचला मी विचारलं. उत्तर नाही. तीनदा विचारलं. जवानांची पार्टी निघाली, पण त्या बर्फात पोहोचायला चार तास लागले. वरून बर्फ घसरून ओपीचं छप्पर आत बसलं होतं. तुळई गावितच्या छातीवर होती आणि तोंडात बर्फ. उजव्या हातात हँडसेट होता, अंगठा प्रेसलवर.

चौकशी झाली. ऑपरेटरनं नेमून दिलेल्या वेळा पाळल्या, असा निकाल आला. मी खरं ते सांगितलं होतं, मधे खट् आलं होतं म्हणून. सुभेदारसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तेरा मिनिटांनी काय फरक पडणार होता? पार्टी चार तासांनी पोहोचली. मनाला लावून घेऊ नको." गावितच्या घरी पत्र मी लिहिलं. त्यात लिहिलं की सगळं एका क्षणात झालं, त्याला काही कळलंही नाही. हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी त्यावरच झोपलो.

हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि सिल्वासात नोकरी धरली. खडोलीला पॉलिस्टर धाग्याचा कारखाना होता, तिथं सिक्युरिटी सुपरवायझर. मॅनेजर पुण्याचे, कामगार निम्मे आमच्या खान्देशातले. गेटवर दिवसभर मराठी, गुजराती, हिंदी आणि शिव्या, असं सगळं एकदम चालायचं. गेटची शिस्त मी लावली. पोरं मला पाठीमागे 'टाइमटेबल' म्हणायची. मला राग यायचा नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. सिल्वासातल्याच एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर देवधर भेटायला आले. चाळिशीचे, बारीक, बोलताना चष्मा सारखा वर ढकलायचे. ते एक अभ्यास करत होते.

"हवालदारसाहेब, पोटाचं ऑपरेशन करताना आम्ही तीन गोष्टी करतो. झोपवतो, दुखू देत नाही आणि स्नायू ढिले करतो. स्नायू ढिले झाले की माणूस पापणीसुद्धा हलवू शकत नाही. मग तो झोपलाय की जागा आहे, हे बाहेरून कसं कळणार?"

"नाडीवरून?"

"नाडी कधी सांगते, कधी नाही. म्हणून आम्ही एक हात मोकळा ठेवतो. ढिलं करणारं इंजेक्शन द्यायच्या आधी दंडावर बीपीचा पट्टा घट्ट फुगवायचा. औषध त्या हातात उतरत नाही. सगळं शरीर बंद, एक पंजा चालू. दर पाच मिनिटांनी सिस्टर कानात विचारतील, ऐकू येत असेल तर हात दोनदा दाबा. वीस मिनिटांनी पट्टा सोडायचा, नाहीतर हात बधिर होतो."

दोनदा हा शब्द ऐकून मी स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. त्यांना वाटलं मी घाबरलो. म्हणाले, "सक्ती नाही. नको असेल तर नाव काढतो." मी सही केली. ठरलेल्या वेळा, ठरलेला प्रश्न, ठरलेलं उत्तर. असल्या कामाला मी नाही कशाला म्हणू?

सकाळी दहाला मला आत घेतलं. बायको मंगल दारापर्यंत आली. "घाबरू नका, मी आठेच शे," म्हणाली, म्हणजे इथंच आहे. घाबरली होती ती. हसुमती सिस्टर गुजराती बाई, पन्नाशीच्या. त्यांनी माझ्या डाव्या दंडावर पट्टा बांधला आणि पंजा आपल्या हातात घेतला. "काका, टेन्शन नाय लेवानु. मी आहे ने."

मग झोप.

जाग आली ती आवाजानं. कोणीतरी वापीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत होतं. मला वाटलं, झालं ऑपरेशन. डोळे उघडायला गेलो. उघडेनात. श्वास घ्यायला गेलो, तर श्वास माझ्या मर्जीनं येईना. घशात नळी होती. हवा आपली आपण आत यायची, बाहेर जायची. मग पोटात ओढ बसली आणि दुखलं. किती, हे मी लिहीत नाही. दुखलं तेव्हा ओरडायला आवाज नव्हता, आखडायला स्नायू नव्हता. मी कण्हलोसुद्धा नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मी शांत झोपलेला दिसत असणार.

बावीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी भीती वाटली नव्हती. गोळीबारात माणूस निदान जमिनीला चिकटतो. इथं काहीच करता येत नव्हतं.

मग पट्टा आठवला. डावा पंजा. त्यात मुंग्या आल्या होत्या, पण बोटं माझी होती. मी वाट पाहू लागलो. सिस्टर विचारतील, मी दाबेन. ठरलंय तसं. मी सेकंद मोजायला लागलो आणि तिसाच्या आसपास आकडेच विसरलो. प्रश्न येईना. पुढचा प्रश्न कधी आहे हे मला कुठं ठाऊक होतं? आणि पंजा हळूहळू जड होत होता.

मी न विचारता दाबलं. दोनदा. थांबलो. परत दोनदा.

"सर, काका हात दाबतात."

"प्रश्न विचारला होता?" डॉक्टरांचा आवाज डोक्यामागून आला.

"नाय. सव्वादहाला विचारलेला, तेव्हा काय नव्हतं. आता वीसला विचारायचा."

"मग लिहू नका. हात कधीकधी आपोआप हलतो. वीसला बघू."

ते वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं आपण सहज म्हणतो. मी त्या टेबलावर पडल्या पडल्या गावितच्या वंशाला गेलो. त्याला माहीत होतं की मी सेटवर आहे. त्याला माहीत होतं की मी ऐकतोय. आणि मी वेळ होण्याची वाट बघत चहा पीत होतो.

मी दाबत राहिलो. दोनदा, थांबा. दोनदा, थांबा. बोटं बधिर होत चालली होती, पण अंतर चुकू दिलं नाही. खरखर असं अंतर ठेवत नाही, एवढं तरी समोरच्याला कळावं म्हणून.

"सर," सिस्टर म्हणाल्या, "हे आपोआप नाय. बे-बे वारच दाबतात. मोजून."

"वीस व्हायला दोन मिनिटं आहेत, सिस्टर."

"ते असू दे." आणि त्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं. "काका, तुम्ही जागे आहात?"

दोनदा.

खड्ड्यांचं बोलणं थांबलं. पोटातली ओढ थांबली. दुसऱ्या कोणीतरी पंजा धरला. डॉक्टर देवधर होते. "दुखतंय?" दोनदा. मग घाईची पावलं आणि कोणीतरी म्हणालं, "व्हेपोरायझर रिकामा आहे." भुलीचा वायू ज्या भांड्यातून येतो ते भांडं. पहिल्या ऑपरेशननंतर ते कोणी भरलंच नव्हतं. "साहेब, आता इंजेक्शन देतोय, लगेच झोप लागेल. माफ करा." सिस्टरनी पंजा परत आपल्याकडे घेतला आणि सोडला नाही. मला आठवतं ते एवढंच.

दुपारी डॉक्टर खुर्ची ओढून बसले. आडवळण घेतलं नाही. "भांडं तपासायचं काम माझं होतं. चूक माझी. आणि सिस्टर सांगत होत्या तेव्हा मी ऐकलं नाही, ही दुसरी."

"किती वेळ होतो मी जागा?"

"सिस्टरच्या अंदाजानं तीन मिनिटं."

मला तो अर्धा तास वाटला होता. मी मनात तेराला तीननं भागलं. सव्वाचार वेळा. पोटाला टाके असताना रडू नये, फार दुखतं. तरी रडलो. डॉक्टरांना वाटलं ते त्यांच्यामुळे, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. चौकी, गावित, चहा.

दुसऱ्या दिवशी हसुमती सिस्टरनी मला त्यांचा तक्ता दाखवला. छापील रकाने वेळेचे, पाच-पाच मिनिटांचे. बाजूला पेननं एक नवीन रकाना आखला होता, 'न विचारता'. त्यात माझी ओळ पहिली होती. दहा अठरा, दोनदा, जागे. खाली निरीक्षक म्हणून त्यांची सही.

"सर बोलले, आता सगळ्या तक्त्यांमध्ये हे टाकायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या हट्टापायी सरांचा कागद वाढला, काका."

मी त्यांच्याकडे एक कोरा तक्ता मागितला. कशाला, हे त्यांनी विचारलं नाही.

टाके निघाल्यावर तीन आठवड्यांनी मी एसटीनं सुरगाण्याला गेलो. गावितचा धाकटा भाऊ शाळेत मास्तर होता. भिंतीवर रघुनाथचा युनिफॉर्ममधला फोटो, खाली तारीख. मास्तरांनी माझं जुनं पत्र जपून ठेवलं होतं. ते त्यांनी काढून दाखवलं, तेव्हा मला खाली बघावं लागलं.

"मास्तर, यात एक वाक्य खोटं आहे," मी म्हणालो आणि तक्ता पुढे केला.

त्यांनी सावकाश वाचलं. नायक रघुनाथ गावित. न विचारता या रकान्यात, चौदा सतरा, दोनदा, मग परत दोनदा, जागा. शेरा: ऐकू आलं, उत्तर दिलं नाही.

"म्हणजे त्याला कळत होतं."

"हो."

"आणि ही सही?"

"माझी."

मी शिव्यांची तयारी ठेवून गेलो होतो. मास्तरांनी एकही दिली नाही आणि काही हरकत नाही, असंही म्हणाले नाहीत. आत जाऊन पेन आणलं, स्टुलावर चढले आणि फोटोखालच्या तारखेपुढे वेळ लिहिली.